शब्दाची धाव कुठवर?

मे महिन्यात भुसावळला जाऊन बघा. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. माझी बहीण तिथं राहते आणि सुट्टीत मी आठ दिवस तरी तिच्याकडे जातेच. गेल्या उन्हाळ्यात अशीच एक दुपार होती. जेवणं झाली होती, कूलर घरघरत होता, भाचीच्या आजी जमिनीवर पाय पसरून गोधडी शिवत होत्या, आजोबा आरामखुर्चीत तोंडावर पेपर घेऊन पडले होते. माझी भाची पोटावर झोपून इंग्रजी-मराठी शब्दकोश चाळत होती. नुकतीच पाचवीतून सहावीत गेलेली.

"मावशी, 'रन' म्हणजे धावणे ना गं?"

"हो."

"मग धावणे लिहून पुढच्या शब्दाकडे जायचं ना यांनी! हे बघ. एक, दोन, तीन, चार… पान उलटलं तरी 'रन' चालूच आहे."

मी म्हटलं, "हा तर छोटा कोश आहे. इंग्रजीचा सगळ्यात दांडगा कोश ऑक्सफर्डचा. त्यात 'रन' या एकट्या क्रियापदाचे अर्थ किती दिलेत माहितीये? ६४५."

ती उठून बसली. "सहाशे पंचेचाळीस! आणि ते पाठ करायचे?"

"पाठ कशाला? गोळा करू या. दिसतील तेवढे."

जुन्या कॅलेंडरच्या पानांची मागची बाजू कोरी असते. आम्ही त्याच्या चिठ्ठ्या कापल्या. नियम एकच. एका चिठ्ठीवर 'रन'चं एकच वाक्य किंवा एकच शब्दजोडी, आणि ती कुठून मिळाली तेही लिहायचं. कोशातून घेतलेलं चालेल, पण घरातल्या माणसांकडून मिळालेलं जास्त चांगलं.

पहिल्या पाच मिनिटांत क्रिकेटनं चटई भरली. रन काढले, रन वाचवले, रनआउट, रनरेट. मग नववीतला भाचा कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाला, "प्रोग्रॅम रन केला. लिही." बहिणीनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "आपला सुतार ओट्याखालच्या कामाचा भाव रनिंग फुटानं सांगत होता बघ." रनिंग फूट म्हणजे रुंदी-उंची बाजूला ठेवून सरळ लांबी मोजायची. एवढ्यात भाचीचे बाबा झोपेतून उठून पाणी प्यायला आले. ते रेल्वेत गार्ड आहेत. त्यांनी तर खजिनाच दिला. गाडीबरोबर जाणारे ड्रायव्हर आणि गार्ड म्हणजे रनिंग स्टाफ, आणि दुसऱ्या गावी गाडी पोचवल्यावर परतीची गाडी मिळेपर्यंत त्यांनी विश्रांती घ्यायची जागा म्हणजे रनिंग रूम.

"पण बाबा, तिथं तर सगळे झोपलेले असतात ना?"

"गाढ झोपलेले," बाबा म्हणाले आणि पुन्हा झोपायला गेले.

आजींना इंग्रजी येत नाही, असं त्या नेहमी सांगतात. पण सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "सूनबाईच्या शिवणाच्या पुस्तकात या टाक्याला रनिंग स्टिच म्हटलंय. आपला धावदोरा."

तीही चिठ्ठी झाली. बाकीच्या आम्ही कोशातून उतरवल्या. इंग्रजीत नळ 'रन' होतो, नाक 'रन' होतं, कपड्याचा रंग 'रन' होतो. नदी, रस्ता, भिंतीवरची भेग, सगळ्यांचं तेच. दुकान आणि शाळा 'रन' करतात, वर्तमानपत्र बातमी 'रन' करतं, अंगात ताप असला की तोही 'रन'च. निवडणुकीला उमेदवार 'रन' करतो. डब्यातली साखर संपली तरी 'रन आउट'. तासाभरात साठेक चिठ्ठ्या झाल्या आणि पंख्याखालची अख्खी चटई पांढरी दिसायला लागली.

आता खरी गंमत सुरू होते. या ढिगाकडे नुसतं बघितलं तर वाटतं, इंग्रजांनी एका शब्दाच्या डोक्यावर सापडेल ते ओझं टाकलंय. नाकाचा आणि निवडणुकीचा काय संबंध? पण चिठ्ठ्या एकेक करून शेजारी-शेजारी लावायला घेतल्या, की जी जिच्या जवळची ती तिथं जाऊन बसते.

अगदी डावीकडे ठेवली पायांनी धावण्याची चिठ्ठी. माणूस धावतो, घोडा धावतो. तिच्या शेजारी पाणी. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचं रूप होतं 'रिनन', आणि कधी अक्षरांची अदलाबदल होऊन 'इर्नन'. आपल्याकडे नाही का, 'नुकसान'चं 'नुसकान' होतं, तसंच. त्या काळीही तो शब्द माणसाच्या धावण्याला लागायचा आणि पाण्याच्या वाहण्यालाही. पाणी धावत जातं, हे कुणाच्याही डोळ्यांना दिसतं. नदीला लागलं ते नळाला लागायला काय हरकत? नळाला लागलं ते सर्दीच्या नाकालाही लागलं. मग धुण्याच्या बादलीत एका कपड्याचा रंग पाण्याबरोबर दुसऱ्या कपड्यावर गेला, तर तोही 'रन'. माझ्या बहिणीनं लाल बांधणीची ओढणी आणि मुलीचा पांढरा युनिफॉर्म एकत्र भिजवला होता एकदा. तो गुलाबी शर्ट अजून घरात पायपुसणं म्हणून आहे. भाचीनं त्याच्याकडे बोट दाखवून रंगाची चिठ्ठी नळाच्या चिठ्ठीला चिकटवली.

"आणि साखर?" तिनं विचारलं. "साखर कुठे वाहते?"

माठाला भोक पडलं तर पाणी वाहून जातं. सगळं वाहून गेलं की माठ रिकामा. इंग्रजीनं आधी त्या बाहेर वाहून जाण्याला 'रन आउट' म्हटलं, मग त्या रिकामं होण्याला. एकदा रिकाम्या माठाला शब्द लागला, की साखरेच्या डब्याला, पैशाच्या पाकिटाला आणि परीक्षेतल्या वेळेलाही लागतो. वाहणं मागेच राहिलं, संपणं तेवढं पुढे आलं.

आजी ऐकत होत्या. त्यांनी गोधडीचा एक कोपरा भाचीच्या मांडीवर टाकला. जुन्या निळ्या लुगड्यावर पांढरे धावदोऱ्याचे टाके, तांदळाएवढे, एकाआड एक. टाका, मग रिकामी जागा, मग टाका. "वरून बघ, प्रत्येक टाका सुटा दिसतो. आता उलट कर." तिनं कापड उलटं केलं. वर जिथं रिकामी जागा होती, खाली नेमका तिथं दोरा होता. भाचीनं एक टाका नखानं ओढून पाहिला, तर शेजारचे तीन टाके आवळले. आजींनी तिच्या हातावर हळूच चापट मारली आणि कापड पुन्हा सारखं केलं. त्यानंतर ती चिठ्ठ्यांकडे बघताना सारखी विचारायला लागली, "याचा खालचा दोरा कुठे जातो?"

तसं बघत गेलं की पुढचा रस्ता सोपा होतो. गाडीचं चाक धावतं, शिडाचं जहाज वाऱ्यावर धावतं, हे बोलणं जुनंच. मग फिरणाऱ्या चाकांची यंत्रं आली, घड्याळं आली, वाफेची इंजिनं आली. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि गाडी 'रन' व्हायला लागली. आपल्याकडेही १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, तिच्याबद्दल आपण आजही 'धावली' असंच लिहितो. यंत्र 'रन' होतं, तर ते चालू ठेवणारा माणूस यंत्र 'रन' करतो. यंत्र 'रन' करणारा माणूस मग कारखाना, दुकान, शाळाही 'रन' करतो. भाच्याच्या कॉम्प्युटरातल्या प्रोग्रॅमला चाक नाही, पाय नाही, पाणी नाही. पण त्याचा खालचा दोरा यंत्रांच्या चिठ्ठीतून येतो.

इथं मला एक गोष्ट फार आवडते. जिथं इंग्रजी धावते, तिथं मराठी बहुधा चालते! घड्याळ चालतं. दुकान चालतं. नाटक चालतं. आजोबांपासून घरात काही आलं असेल तर ते 'चालत आलेलं' असतं, इंग्रजीत मात्र ते घराण्यात 'रन' होतं. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचं 'द माऊसट्रॅप' हे नाटक १९५२ पासून, करोनाच्या काळातला खंड सोडला तर, सुरूच आहे. इंग्रज म्हणतात ते सत्तर वर्षं 'रन' होतंय, आपण म्हणतो चाललंय. वाट तीच, पण एका भाषेनं धाव घेतली आणि दुसरीनं पावलं टाकली.

निवडणुकीची चिठ्ठी तर बघाच. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमध्ये मात्र तो 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. दोघांचीही भाषा इंग्रजीच! आणि आपल्याकडे? आपला उमेदवारही निवडणुकीला उभाच राहतो. भाचीला हे इतकं आवडलं की तिनं त्या चिठ्ठीवर एक धावणारा आणि दोन उभे असे तीन पुढारी काढले, टोप्यांसकट.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही रस्त्याच्या चिठ्ठीपाशी थांबलो. रस्ता दरीतून 'रन' होतो, असं इंग्रजीत म्हणतात. आपणही म्हणतो, 'हा रस्ता जळगावला जातो.' पण रस्ता कधी जागचा हलतो का? भुसावळमध्ये आहे तिथंच पडलेला असतो बिचारा. लांबवर गेलेली भिंत, डोंगररांग, सुताराचा रनिंग फूट, सगळं जागच्या जागी. मग धावतं कोण?

धावते आपली नजर. किंवा मनातल्या मनात आपणच त्या रस्त्यानं जाऊन येतो. लेनर्ड टाल्मी नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी अशा बोलण्याला 'काल्पनिक गती' या अर्थाचं नाव दिलं. पुढे टीनी मॅटलॉक या अमेरिकन संशोधक बाईंनी याची परीक्षाच घेतली. २००४ साली त्यांचा लेख छापून आला. त्यांनी लोकांना आधी एक छोटी गोष्ट वाचायला दिली. काहींच्या गोष्टीत प्रवासी भराभर जातो, काहींच्या गोष्टीत रखडत जातो. काहींना सपाट जमीन, काहींना खडबडीत. मग सगळ्यांना रस्त्याबद्दलचं तसलंच एक वाक्य दाखवलं, 'रस्ता दरीतून जातो' या धर्तीचं, आणि ते वाचून समजायला किती वेळ लागतो ते मोजलं.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी रखडत्या प्रवासाची गोष्ट वाचली होती त्यांना वाक्य समजायला जास्त वेळ लागला. लवकर पोचणाऱ्या प्रवाशाची गोष्ट वाचलेल्यांचं वाक्यही लवकर उरकलं. वाक्यात हलणारं काहीच नव्हतं, तरी वाचणारा मनात त्या रस्त्यानं चालत होता, आणि गोष्टीतल्या प्रवाशाच्या पावलांनी चालत होता! मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बघत बसले होते. क्रियापद आपल्या डोक्यात शिरून आपल्याला खरोखर चालवतं, हे काही साधं आहे का?

हे सगळं सांगत असतानाच लाईट गेली. कूलर थांबला. घामानं चिठ्ठ्या हाताला चिकटायला लागल्या, पण आम्ही नेटानं रांगा पूर्ण केल्या. पाय, पाणी, चाकं, कारभार, लांबी, संपणं, अशा सहा रांगा. आम्ही समाधानानं मागे सरून बघतोय तोच लाईट आली आणि कूलरचा पहिला झोत सरळ चटईवर!

साठच्या साठ चिठ्ठ्या उडाल्या. दोन आजोबांच्या पेपरवर, एक आजींच्या अंबाड्यात. नाक निवडणुकीवर जाऊन पडलं. भाची रडकुंडीला आली. वेचता वेचता तिनं जो प्रश्न विचारला तो मात्र अगदी शास्त्रज्ञाला शोभणारा होता. "मावशी, इंग्रज लोकांच्या डोक्यात असाच गोंधळ का होत नाही? कुणी 'रन' म्हटलं की त्यांना कसं कळतं, यातली कुठली चिठ्ठी उचलायची ते?"

आपलंच उदाहरण घ्या. 'पान' म्हटलं की झाडाचं, पुस्तकाचं, विड्याचं, की जेवणाचं? 'पानं वाढली आहेत' म्हटल्यावर कुणी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात येत नाही. शेजारचे शब्द सांगतात कुठलं पान ते. पण मग बाकीच्या पानांचं काय होतं? डोक्यात ती उघडतच नाहीत, की उघडून मिटतात?

याचा छडा डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली लावला. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून ऐकायला लपवलेला छोटा माइकही. त्यांनी लोकांना कानात एक गोष्ट ऐकवली. त्यात कोळी, झुरळं वगैरे येऊन मग 'बग' हा शब्द येई, म्हणजे अर्थ किडाच, शंकाच नको. त्याच वेळी समोरच्या पडद्यावर एक शब्द चमकायचा, आणि तो खरा शब्द आहे की नुसती अक्षरं ते झटकन बटण दाबून सांगायचं. 'बग' ऐकू आल्याच्या त्याच क्षणी 'मुंगी' हा शब्द चमकला तर लोक लवकर ओळखत, ते ठीकच. पण 'हेर' हा शब्दही ते तितक्याच लवकर ओळखत होते! म्हणजे गोष्ट झुरळांची असूनही मेंदूनं चोरट्या माइकचं दारही किलकिलं केलं होतं. पुढची तीनेक अक्षरं कानावर पडेपर्यंत ते दार बंद. मग फक्त किडाच उरायचा.

म्हणजे डोक्यातला कूलर लागतो, चिठ्ठ्या उडतातही, पण आपल्याला पत्ता लागण्याच्या आत नको त्या खाली बसलेल्या असतात.

चिठ्ठ्या वेचणाऱ्या भाचीला मी आणखी एका घराची गोष्ट सांगितली, कारण त्या घरातली मुलंही हेच काम करायची. जेम्स मरे हे स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातले. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली, पुढचं सगळं ते आपलं आपण शिकले. १८७९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचं काम त्यांच्याकडे आलं. इंग्रजीतला प्रत्येक शब्द कधी, कुठे, कुठल्या अर्थानं वापरला गेला हे पुस्तकांतल्या खऱ्या वाक्यांनी दाखवायचं, असा तो बेत. एकट्यानं हे कसं होणार? मरे यांनी लोकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा, वाक्यं उतरवा, आम्हाला पाठवा. चिठ्ठीच्या कोपऱ्यात शब्द, खाली वाक्य, पुस्तकाचं नाव, साल.

आणि चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. आधीच्या संपादकांकडच्या चिठ्ठ्यांची पोती आली होती, त्यातल्या एकात मेलेला उंदीर निघाला आणि दुसऱ्यात उंदरीण पिलांसकट जिवंत! ऑक्सफर्डला राहायला आल्यावर मरे यांनी बागेत पत्र्याची एक खोली बांधली. शेजाऱ्याच्या खिडकीतून दिसणारा देखावा बिघडू नये म्हणून ती थोडी जमिनीत खोल घ्यावी लागली. त्यामुळे आत ओल आणि कडाक्याची थंडी. मरे पाय एका खोक्यात घालून काम करत, म्हणजे पावलांना वारा लागायला नको. घराबाहेर टपालखात्यानं त्यांच्यासाठी खास पेटी बसवली होती. त्यांना अकरा मुलं. सगळी मुलं चिठ्ठ्या अक्षरांच्या क्रमानं लावायला बसत आणि त्याचे त्यांना थोडे पैसे मिळत, खाऊला.

दहा वर्षांत कोश पुरा होईल असं ठरलं होतं. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग छापून झाला तेव्हा गाडी 'ए'पासून निघून 'अँट' या शब्दापर्यंत पोचली होती. मुंगीपर्यंत! १९१५ साली मरे गेले तेव्हाही काम चालू होतं. कोश पुरा झाला १९२८ साली. चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर वाक्यं त्यात आहेत. मला या माणसाबद्दल फार माया वाटते. शेवटचं अक्षर आपल्याला दिसणार नाही हे कळत असतानाही त्यांनी एकही चिठ्ठी घाईनं लावली नाही.

त्या कोशात सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही पहिला नंबर त्याचाच. ४३० अर्थ, आणि नोंद ६०,००० शब्दांची, म्हणजे एका शब्दासाठी आख्खं पुस्तक. पुढे 'आर'च्या शब्दांवर नव्यानं काम झालं. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकारांनी 'रन'साठी नऊ महिने घालवले आणि २०११ च्या सुमारास हिशेब बाहेर आला, ६४५. 'सेट' मागे पडला. सायमन विंचेस्टर या लेखकानं त्याचं कारण सुचवलंय आणि मला ते पटतं: 'सेट' हा ठेवण्याचा, मांडण्याचा, स्वस्थ शब्द. 'रन' यंत्रांचा. दोनशे वर्षांत जगात यंत्रं वाढली, आणि प्रत्येक नवं यंत्र 'रन'ला थोडं पुढे घेऊन गेलं.

नवं काही आलं की लोक नवा शब्द का घडवत नाहीत? कारण हाताशी असलेला शब्द सोपा पडतो. घरातली विळी आठवा. ती भाजी चिरते, नारळ खवते, वेळेला पाकिटाचं तोंडही कापते. जी वस्तू रोज हातात, तिलाच सगळी कामं. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकांनी १९४५ साली शब्दांची मोजदाद करून हेच दाखवलं की जो शब्द जास्त वापरात, त्याचे अर्थही जास्त. म्हणून कोशातले अवघड, लांबलचक शब्द एकाच अर्थावर शांत बसलेले असतात आणि 'रन', 'गो', 'टेक', 'गेट' असे चिमुकले शब्द पानंच्या पानं व्यापतात.

एवढं होईपर्यंत चार वाजले. चहा झाला. आजोबांनी तोंडावरचा पेपर काढला. झोपले आहेत असं आम्हाला वाटत होतं, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बेटा, एक कोरी चिठ्ठी दे इकडे. इंग्रजीचं झालं. आता माझी घे." आणि त्यांनी थरथरत्या अक्षरात एकच शब्द लिहिला: धाव.

"धाव म्हणजे रन. ती तर आहे आपल्याकडे, क्रिकेटची."

"बैलगाडीच्या चाकाला लोखंडी पट्टी असते ना, तिला धाव म्हणतात."

त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं देते. लोहार धाव मुद्दामच चाकापेक्षा थोडी लहान करतो. मग ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवतात. लोखंड तापलं की पसरतं, कडं मोठं होतं. लालभडक झालं की तिघं-चौघं चिमट्यांनी उचलून ते लाकडी चाकावर बसवतात. लाकूड पेट घेतं, धूर होतो. आणि लगेच बादल्यांनी पाणी ओततात. चर्र आवाज येतो, लोखंड थंड होताना आक्रसतं आणि चाकाचे सगळे आरे, सगळे जोड असे करकचून आवळून धरतं की खिळ्याची गरज उरत नाही. "आम्ही पोरं लांबून बघायचो. तो चर्र आवाज अजून कानात आहे," आजोबा म्हणाले. धावणारी ती पट्टी, म्हणून धाव.

दुसरी चिठ्ठी त्यांनी स्वतःच मागितली. विहिरीवर मोट असायची, तेव्हा बैल ज्या उतारावरून जायचे त्या वाटेलाही धाव म्हणत. बैल धावेवरून खाली गेले की पाण्यानं भरलेली मोट वर यायची, पाणी थारोळ्यात पडायचं, मग बैल पाऊल-पाऊल मागे सरकत वर यायचे.

मग माझ्याही हाताला खाज सुटली. मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. 'सलामीच्या जोडीनं शंभर धावा केल्या' आणि 'गजेंद्रानं देवाचा धावा केला'. एक 'केल्या', एक 'केला'. वाचताना भाचीची जीभ अडखळली, मग हसायला लागली. संकटात देवानं धावून यावं म्हणून मारलेली हाक, तो धावा. आणि तिसरी चिठ्ठी: 'दंतधावन', म्हणजे दात घासणं.

"दात धावतात?"

संस्कृतातल्या धातूंची यादी म्हणजे पाणिनीय धातुपाठ. त्यात 'धाव्' या धातूचे दोन अर्थ जोडीनं दिलेत: गती आणि शुद्धी. धावणं आणि धुणं. कसं काय, ते मी सांगितलं नाही. ती चटईवरच्या रांगांकडे बघत राहिली. पायांच्या रांगेवरून तिची नजर पाण्याच्या रांगेवर गेली, नळावर थांबली, गुलाबी शर्टावर थांबली.

"पाणी धावतं," ती हळूच म्हणाली. "आणि धावता धावता धुतं."

तिनं दंतधावनाची चिठ्ठी उचलली, इंग्रजी नळाच्या चिठ्ठीशेजारी ठेवली आणि वर आजींची कात्री ठेवली, कूलरच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून. मोटेच्या धावेचं मात्र तिला काही केल्या ठरवता येईना. रस्त्याच्या रांगेत ठेवायची, की पाण्याच्या?

"आजोबा, बैल त्या धावेवरून खरंच धावायचे का?"

"छे गं. चालायचे," आजोबा म्हणाले. "धावले असते तर पाणी हिंदकळून सगळं विहिरीतच गेलं असतं."

ती चिठ्ठी हातात धरून ती बराच वेळ बसून होती.